कालचं कुठवर झालं

लग्नानंतर मी दौंडला आले. नवरा रेल्वेत होता, राहायला रेल्वेचं क्वार्टर होतं, आणि माझ्याकडे पुण्याहून घेतलेली संस्कृतची एम. ए.ची पदवी होती. त्या पदवीचं दौंडमध्ये काय करायचं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शाळांमधल्या जागा भरलेल्या होत्या. मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत राहिले. मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, शिरूरजवळच्या एका आयुर्वेद कॉलेजात पहिल्या वर्षाला संस्कृत शिकवायला माणूस हवा आहे असं कळलं आणि मी मुलाखतीला गेले.

प्राचार्यांनी एकच प्रश्न नीट विचारला. "वैद्यकातलं काही येतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"चालेल. भाषा येते ना? वैद्यकाला आमचे सर आहेत."

अशी ती नोकरी लागली. दौंडहून एसटीने चौफुला, केडगाव, मग पारगावचा भीमेवरचा पूल, न्हावरे आणि शिरूर. साखर कारखाने चालू झाले की पुलावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागायची आणि माझा पहिला तास बुडायचा. मुलांना त्याचं दुःख होत नसे. मलाही पहिल्या वर्षी ते फारसं झालं नाही, कारण त्या वर्गात शिकवणं सोपं नव्हतं.

मुलं शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, दौंड अशा तालुक्यांतून आलेली. बहुतेकांना एमबीबीएसला जायचं होतं आणि थोडक्या मार्कांनी ते हुकलं होतं. बापाची शेती, नाहीतर भाऊ रांजणगावला कंपनीत. दारावर 'डॉक्टर' अशी पाटी लागावी, एवढ्यासाठी ती इथे आलेली होती, आणि त्या पाटीच्या वाटेवर मधेच विभक्ती आणि समास येऊन बसले होते. "मॅडम, ह्याचं पेशंटला काय सांगायचं?" असं एका मुलाने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. परीक्षेला आहे, एवढंच मी म्हटलं.

खरी अडचण संस्कृत न येण्याची नव्हती, मराठी येण्याची होती. शब्द ओळखीचे दिसायचे आणि मुलं फसायची. सुजेच्या वर्णनात 'राग' आला, म्हणजे तिथे लाली आली. एका मुलीने पेपरात लिहिलं होतं की रुग्णाला आधी सूज येते आणि मग राग येतो. 'चेष्टा' म्हणजे हालचाल. हे सांगूनही अर्ध्या वर्गाने लिहिलं की आजार वाढल्यावर रुग्ण चेष्टा करायचं थांबवतो. मी हे पेपर तपासताना हसले, आणि मग असे शब्द वेगळे काढून रोज तासाच्या सुरुवातीला दोन-दोन सांगू लागले. तेवढा भाग मुलं मन लावून ऐकत. आपण रोज बोलतो त्या शब्दाला दुसराच अर्थ असतो, याची त्यांना गंमत वाटायची.

प्राचार्य ज्यांना 'आमचे सर' म्हणाले होते, ते वैद्य होते. संहिता, म्हणजे आयुर्वेदाचे जुने मूळ ग्रंथ, तेच शिकवत. सत्तरीच्या आसपासचे, उंच, पांढरा नेहरू शर्ट आणि धोतर. पत्नी वारलेली, मुलगा पुण्यात. शिरूर गावात बाजाराच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. सकाळी तिथेच रोगी तपासत आणि दुपारी कॉलेजात येत. वर्गात पुस्तक नेत नसत. श्लोक म्हणत, मुलांकडून म्हणवून घेत, आणि मग खुर्चीवर बसून अर्थ सांगत.

वैद्यकातले शब्द मला कळावेत म्हणून मी त्यांच्या तासाला बसायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "बसा की, बाई. तुम्ही शब्द सांभाळा, रोगी मी सांभाळतो."

मी मागच्या बाकावर बसू लागले. त्यांचं शिकवणं मला आवडायचं, कारण त्यात भक्ती नव्हती. एखादा श्लोक त्यांना पटत नसेल तर ते सांगत, "हे लिहिलंय खरं, पण मी असा रोगी पाहिलेला नाही." मग पुढे जात. माझ्या आवडीचं आणखी एक कारण होतं. मला एखादं पद लागलं नाही की मी हात वर करायची आणि ते माझ्यासाठी थांबायचे. सगळा वर्ग मागे वळून बघायचा, तरी थांबायचे.

त्या वर्गात मांडवगणकडच्या एका धनगर कुटुंबातली मुलगी होती. आजोबांनी मेंढरं राखली होती, वडिलांनी ती विकून विहीर पाडली, कांदा आणि ऊस लावला. ती घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. घरी बोलायची तशीच वर्गातही बोलायची; इतर मुलं मास्तरांपुढे जी पुस्तकी मराठी बोलू पाहत, ती तिने कधी वापरली नाही. संस्कृतमध्ये ती मधली होती. पण तिला चुकायची लाज नव्हती, त्यामुळे तिचं चुकलेलं लगेच कळायचं आणि दुरुस्त करता यायचं.

सरांनी खाण्यापिण्याच्या पदार्थांचे गुणदोष सांगणारा अध्याय घेतला, त्या दिवशी मी वर्गात होते. तांदळाचेच कितीतरी प्रकार आले. भात सणासुदीला खाणाऱ्या घरांतली ती मुलं कंटाळून गेली. मग हलकी धान्यं आली आणि सरांनी सांगितलं, ही रूक्ष, म्हणजे अंगातला ओलावा कमी करणारी. तेव्हा ती मुलगी उठली.

"सर, म्हंजी आम्ही खातो ती बाजरी वाईट का?"

"रूक्ष म्हटलंय. वाईट कुणी म्हटलं? तू बाजरीवर काय घेतेस?"

"लोणी. न्हाईतर त्याल-चटणी."

"मग झालं. तुझ्या आईला हे वाचल्याशिवाय कळलंय."

वर्ग हसला, तीही हसली. नंतर काही दिवस मला त्यांच्या तासाला जाता आलं नाही, कारण चाचणीचे पेपर तपासायचे होते. एका दुपारी ती मुलगी व्हरांड्यात मला गाठून म्हणाली, "मॅडम, सरांचं कायतरी बिघडलंय."

"काय झालं?"

"तोच धडा चाललाय, बाजरीचा. रोज येत्यात आन् पयल्यापासनं सुरू करत्यात. मला उभं करत्यात. तू बाजरीवर काय घेतेस म्हणून इचारत्यात."

"मग तू काय करतेस?"

"सांगते. लोणी, न्हाईतर त्याल-चटणी."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन बसले. सर आले, खुर्ची सरकवली आणि तांदळापासून सुरुवात केली. एकही अक्षर चुकत नव्हतं. तोच क्रम, तेच दाखले. बाजरीपाशी येऊन त्यांनी तिच्याकडे बोट केलं आणि विचारलं. ती उभी राहिली आणि पहिल्या दिवशी दिलं होतं त्याच आवाजात उत्तर दिलं. सर म्हणाले, "मग झालं. तुझ्या आईला हे वाचल्याशिवाय कळलंय." मागच्या बाकावर दोन मुलं तोंड दाबून हसत होती. बाकीचा वर्ग खाली बघत होता.

मी प्राचार्यांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, मीच त्यांचा विद्यार्थी आहे. मला नाही जमायचं. तुम्ही बोला." मला कसं बोलावं ते सुचेना. ज्याला सगळा ग्रंथ पाठ आहे त्याला, तुम्ही विसरता, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि ते विसरले ते ग्रंथातलं नव्हतंच, कालची दुपार विसरले होते.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं की बघू, काहीतरी करू. ती म्हणाली, "मी सांगते त्यांना."

"तू?"

"आमच्या आबाचं, म्हंजी आज्याचं, असंच झालं होतं. घरात कुणी बोललंच न्हाई त्याला. आपलं व्हय व्हय म्हणायचं. मग एक दिवस मेंढरं सोडायला म्हणून निघाला आन् पार घोडनदीच्या पुलावर घावला. मेंढरं कवाच इकली होती. त्याला कुणी सांगितलं असतं तर निदान भ्याला नसता. पुलावर बसून रडत होता, मला ठावं न्हाई मी हितं कसा आलो म्हणून."

ती माझ्याबरोबर स्टाफरूममध्ये आली. सर एकटेच होते, अडकित्त्याने सुपारी कातरत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सर, एक सांगू का? रागावू नका."

"बोल."

"बाजरीचं तुमचं शिकवून झालंय. लई दिवस झाले. तुम्ही रोज तेच शिकवताय."

सरांनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, खरं आहे हे?"

"हो, सर."

ते तिच्याकडे वळले. मग तिला म्हणाले, "मग तू रोज उत्तर का देत होतीस?"

"तुम्ही इचारत होता म्हणून."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. तिला जायला सांगितलं, आणि ती गेल्यावर मला म्हणाले, "औषधं देतानाही होतं मधूनमधून. पुडी बांधतो आणि कुणाची ते आठवत नाही. मला वाटायचं, दमणूक असेल." त्या दिवशी त्यांनी तास घेतला नाही. शिपायाने रिक्षा आणून दिली आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत असं मी धरून चालले होते. ते आले. वर्गात जाऊन खुर्चीवर बसले आणि श्लोक न म्हणता बोलायला लागले. मी मागे बसले होते.

"मला विसर पडायला लागलाय," ते म्हणाले. "जुनं सगळं आहे, नवं राहत नाही. तुमची परीक्षा आहे, ती बुडता कामा नये. तर असं करायचं. मी आलो की मी तुम्हाला विचारणार, कालचं कुठवर झालं? तुम्ही सांगायचं. मधेच मागे गेलो तर हात वर करा. मी चिडलो तर मनावर घेऊ नका. हा आजार आहे असं समजा. बाई मागे बसतील, पुढचं वाक्य त्या देतील."

मला त्यांनी आधी विचारलं नव्हतं. पण माझी ना नव्हती.

त्या सत्रात तसंच चाललं. ते आत येत आणि विचारत, "कालचं कुठवर झालं?" कुणीतरी उठून सांगे. सुरुवातीला ती मुलगीच सांगायची, नंतर इतरही सांगू लागली. वर्ग एकदम अभ्यासू झाला असं काही मी म्हणणार नाही. पण काल काय झालं हे सांगता यायला हवं, म्हणून काल काय झालं ते ऐकावं लागायचं. मागच्या बाकावरची ती दोन मुलंही शेवटी शेवटी बरोबर जागा सांगायची. एकदा सांगून झालं की सर तिथून पुढे असे जायचे की त्यांना काही झालं आहे हे नव्या माणसाला पटलं नसतं.

चिडायचेही. एकदा एका मुलाने हात वर केला, तेव्हा ते ओरडले, "मला शिकवू नकोस, मी चाळीस वर्षं हे सांगतोय." तो मुलगा हात वर धरूनच बसला. मी मागून पुढच्या श्लोकाचं पहिलं पद म्हटलं. सरांनी ते उचललं आणि पुढे गेले. तास संपल्यावर दारात थांबून त्यांनी मला विचारलं, "मी कुणावर ओरडलो का?" मी हो म्हटलं. ते परत आत गेले आणि त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून आले.

सकाळचा दवाखाना त्यांनी आपणहून बंद केला. पुडी चुकायची भीती होती. तरीही रोगी दारात येऊन बसत, आणि ते त्यांना दुसऱ्या वैद्याकडे पाठवत.

उन्हाळ्याच्या आधी एक दिवस मी स्टाफरूममध्ये शिरले तेव्हा ते खुर्चीवर ताठ बसले होते. मला म्हणाले, "या, बसा. काय त्रास होतोय?"

मी क्षणभर उभी राहिले. मग समोर बसले.

"हात बघू. डावा."

मी हात पुढे केला. त्यांनी तीन बोटं मनगटावर ठेवली आणि डोळे मिटले. नाडी बघायला त्यांनी चांगलाच वेळ घेतला.

"जेवण वेळेवर होत नाही," ते म्हणाले. "प्रवास आहे का?"

"आहे. दौंडहून येते."

"रोज?"

"रोज."

"लांब पडतं. नोकरी कसली?"

"संस्कृत शिकवते."

"कुणाला?"

"डॉक्टर होणाऱ्या मुलांना."

"मग अवघड आहे," ते म्हणाले आणि किंचित हसले. जेवणाआधी सुंठ आणि तूप घ्या, वर गरम पाणी प्या, आणि गाडीत झोपू नका, मान धरते, असं त्यांनी सांगितलं. मी बरं म्हटलं. शिपाई चहा घेऊन आला. सरांनी कप हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, माझा तास आहे ना आता?"

"आहे, सर."

"मग चला."

त्या दिवशीही त्यांनी तास नीट घेतला. पण संध्याकाळी मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन झालेलं सांगितलं आणि त्यांनी सरांच्या मुलाला फोन लावला. मुलगा रविवारी जीप घेऊन आला. खोल्या रिकाम्या करायला काही विद्यार्थी गेले होते, मीही गेले. सामान थोडं होतं. खल, बरण्या, पुस्तकं, दोन ट्रंका. बरण्यांतली औषधं कुणाला द्यायची ते सरांनी स्वतः सांगितलं. निघताना त्यांनी मुलांना विचारलं, "परीक्षा कधी आहे?" कुणीतरी तारीख सांगितली. "भाग किती राहिलाय?" तेही सांगितलं. "बाई घेतील," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

तो भाग मी घेतला. मी वैद्य नव्हते, हे मुलांना माहीत होतं. मी श्लोक फोडून दाखवायची, अन्वय लावायची, शब्दाचा अर्थ सांगायची, आणि रोगाचा प्रश्न आला की सांगायची, हे मला ठाऊक नाही. त्या मुलीने सुचवलं की असे प्रश्न बाजूला ठेवू आणि शनिवारी वरच्या वर्गाच्या एखाद्या सरांना बोलावू. तसं केलं. विद्यापीठाच्या परीक्षेत बहुतेक मुलं पास झाली. काही नापास झाली, ती एरवीही झाली असती.

निकालानंतर मी पुण्याला सरांना भेटायला गेले. मुलाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. सर बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. अंगावर स्वेटर, दाढी ताजी केलेली. त्यांनी मला ओळखलं नाही. सुनेने सांगितलं की आता फार बोलत नाहीत. निकाल सांगितला, तर त्यांनी "छान" म्हटलं. मग मी त्यांच्याच आवडीचा एक श्लोक म्हणायला सुरुवात केली. पहिला चरण झाला की ते उचलतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी उचलला नाही. माझा पूर्ण होईपर्यंत त्यांनी नीट ऐकलं.

"चांगलं म्हणता," ते म्हणाले. "उच्चार स्वच्छ आहेत."

मी थँक्यू म्हटलं. सुनेने पोहे केले होते. ते त्यांनी चवीने खाल्ले आणि माझ्या बशीत लिंबू आहे की नाही ते पाहिलं. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. प्राचार्यांना फोन आला आणि त्यांनी कॉलेजला अर्धा दिवस सुटी दिली.

त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आले. चांगले शिकवायचे. प्रोजेक्टर वापरायचे, रोग आणि औषध एका चौकटीत दाखवायचे. मुलांना ते सोयीचं वाटे. मी परत संधी आणि समासांकडे गेले, आणि त्यांच्या तासाला बसायची गरज मला राहिली नाही.

ती मुलगी मला काही वर्षांनी शिरूरच्या स्टँडवर भेटली. कोरेगाव भीमाजवळ हायवेला तिने दुसऱ्या एकीबरोबर दवाखाना काढला होता. येणारे बहुतेक कंपन्यांतले कामगार, बिहारकडचे, उत्तर प्रदेशातले. ती आता हिंदी बोलत होती, आणि मराठीही थोडी बदलली होती. पण 'आन्' तसाच होता. मी तिला सरांबद्दल सांगितलं. तिला कळलं होतं.

मी विचारलं, "आम्ही शिकवलं त्यातलं काही उपयोगाला येतं का गं?"

ती विचार करून म्हणाली, "खरं सांगू, मॅडम? न्हाई येत. माणसं म्हणत्यात सुई द्या, उद्या ड्यूटी हाय. सुई द्यावी लागती."

"हो, ते आहेच," मी म्हटलं.

"पण धंदा बरा चाललाय," ती म्हणाली. "घरच्यांना आता पैशासाठी कुणाची वाट बघावी लागत न्हाई." मग तिने माझी तब्येत विचारली, नवऱ्याची विचारली, दौंडला आता किती गाड्या थांबतात ते विचारलं. तिची पुण्याची गाडी लागली. गर्दीत शिरून तिने खिडकीची जागा पकडली आणि हात केला. त्यानंतर वर्षभरातच नवऱ्याची सोलापूरला बदली झाली आणि मी ती नोकरी सोडली.